द्वारकाकाकूंची ओवी

फार वर्षांपूर्वी, घरात घड्याळ असणं कुणाला ठाऊकच नव्हतं, तेव्हा सोनशेत गावात द्वारकाकाकू राहायच्या. वडील पुराणिक होते, त्यांनी लेकीला मांडीवर बसवून पोथी वाचायला शिकवलं होतं. संकष्टीच्या संध्याकाळी दिवा लागला की काकू तुळशीपाशी पोथी वाचायच्या, बायका ऐकायच्या आणि डोंगरावर चंद्र दिसला की उपास सुटायचे.

काकूंना एक नाद होता. चंद्र दिसताच पोथी कितव्या ओवीवर आली ते त्या ध्यानात ठेवायच्या, आणि तो डोंगरावर जिथे उगवला त्या रोखाने अंगणाच्या भिंतीवर चुन्याचं बोट ओढायच्या. लागोपाठच्या संकष्ट्यांना ओवी जवळपास तीच यायची.

"चंद्राला गंध लावताय होय, जाऊबाई?" धाकटी जाऊ चिडवायची.

एकदा चंद्र आला, पण काकूंची ओवी काही आली नाही. पुढं कितीतरी दिवस त्यांना चैन पडेना. मग उमगलं. त्या दिवशी आई-लेकाच्या ताटातुटीचा अध्याय होता. डोळे पुसता पुसता वाचन रेंगाळलं होतं. तेव्हापासून चंद्रोदयाआधी एकच अध्याय, एकाच चालीत. रडवणारा अध्याय चंद्र पाहिल्यावर. ऋतू पालटला की ओवी मागेपुढे सरकते, हेही त्यांनी हेरलं.

पुढं एका आषाढात आभाळ गच्च भरलं. शेजारच्या पुतळाचं तान्हं तापानं फणफणलं होतं. तिनं चंद्र पाहिल्याशिवाय पाणीही न घेण्याचं व्रत धरलं होतं. दूध आटलं, बाळ रडून थकलं, पण ती ऐकेना.

काकू वाचत होत्या. एका ओवीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पुतळे, चंद्र उगवलाय. अर्घ्य दे."

"न दिसता कसं देऊ, काकू? बाळाला काही झालं तर?"

"दोष लागला तर माझ्या माथी. भिंतीवरच्या त्या चुन्याच्या बोटाकडं तोंड कर."

पुतळानं पाणी सोडलं. असं म्हणतात, अर्घ्याची धार जमिनीला लागली आणि ढग तेवढ्याच जागी फाटला. चुन्याच्या बोटाच्या नेमका वर, डोंगराला टेकलेला चंद्र! पुतळा पाणी प्याली. उजाडायच्या आत तिला पान्हा फुटला, बाळाचा ताप उतरला, असं म्हणतात.

आता सोनशेतात घरोघरी घड्याळं आहेत. तरी ढगाळ संकष्टीला बायका त्याच तुळशीपाशी जमतात. गावातली नुकती वाचायला शिकलेली मुलगी अडखळत पोथी वाचते. काकूंच्या ओवीपर्यंत ती पोचेस्तोवर कुणी तिला घाई करत नाही. मग भिंतीकडं तोंड करून अर्घ्य देतात, आणि पहिला मोदक त्या मुलीच्या हातावर ठेवतात.