पहाऱ्यावरचं धुकं

सकाळचे आठ, चैत्र महिना, नदीकाठचं उंबराचं झाड. फार मागच्या काळी त्या रानात काळतोंड्या वानर या झाडावरून चितळांसाठी पहारा करायचा.

"यंदा धुकं काही हटत नाही बाई," तो थकून म्हणाला.

खाली पाडसाला चाटणारी टिपकी चितळीण दचकली. "दादा, लख्ख ऊन पडलंय! समोरच्या बाभळीवर सुगरणीची घरटी किती दिसतात?"

"सात. मोरसाहेब दर होळीला पहारेकऱ्याची नजर तपासतात, तेव्हा हेच विचारतात."

"अहो, ती दिवाळीच्या वादळातच पडली की! एकही उरलेलं नाही."

वानर डोळे चोळू लागला. तेवढ्यात त्याच्यासमोरचं गवत हललं, बिबट्या सरळ चालत आला, तरी वानर ओरडला नाही. टिपकीने उडी मारली. पाडसाला ती साधली नाही.

दुपारी बगळे वैद्यांनी वानराचे डोळे पाहिले. "दोन्हीकडे मोतीबिंदू. बरा होतो हो, पण कुणी तपासायला तर हवं!"

टिपकीने मोराच्या दप्तरातलं यंदाच्या होळीचं पान सगळ्यांपुढे ठेवलं. त्यावर लिहिलं होतं : 'घरटी सात. उत्तर बरोबर. नजर उत्तम.'