दुपारची तालीम

"वस्ताद, मरणाऱ्या माणसानं व्यायाम कशासाठी करायचा?"

भीमाप्पा तालमीच्या दारातूनच विचारत होता. एके काळी त्यानं याच तालमीचं नाव गावोगाव गाजवलं होतं. आता पोटातला कॅन्सर यकृतात उतरला होता, आणि सदरा खुंटीला अडकवल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता.

म्हातारे हैदरवस्ताद आखाड्यातल्या मातीत एकटेच बसले होते. दुपारी तिकडं कुणी फिरकत नसे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"झेपेल तेवढी हालचाल ठेवा म्हणाले. खुर्चीतून उठा, बसा." भीमाप्पा कडवट हसला. "जोर मारून घामानं माती भिजवणारा गडी मी... आता खुर्चीतून उठू?"

वस्तादांनी तळहातांची माती झटकली.

"दिवसभर काय करतोस?"

"पडून असतो. बायको पाण्याचं भांडंसुद्धा उचलू देत नाही. पोरं दोन्हीकडनं धरून नेतात. दोस्त येतात, उंबऱ्यावरनं बघतात, जातात." तो थांबला. "सगळे आहेत, वस्ताद. पण..."



वस्तादांनी हात पुढं केला.

"उठव मला."

"माझ्यात ताकद कुठाय?"

"माझ्यात तरी कुठाय? गुडघे गेलेत. उठव."

"पडाल तुम्ही."

"खाली मातीच आहे की."

भीमाप्पा चपला काढून आत उतरला. वस्तादांच्या पावलांना आपलं पाऊल टेकवून त्यानं त्यांचा हात ओढला. वस्ताद अर्धवट उठले आणि पुन्हा खाली आले.

"कमरेनं नको! पायांनी," वस्ताद पूर्वीसारखेच खेकसले.

त्यानं गुडघे वाकवले, दात आवळले. या खेपेला वस्ताद उभे राहिले, आणि त्यांचा सगळा भार भीमाप्पाच्या खांद्यावर आला.

कितीतरी महिन्यांत त्याच्यावर कुणी भार टाकला नव्हता.

दोघे एकमेकांना धरून धापा टाकत उभे होते. भीमाप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"यानं रोग जायचा नाही, वस्ताद."

"नाही जायचा."

"मग...?"

वस्ताद त्याच्या खांद्याचा आधार घेत हळूहळू पुन्हा मातीत बसले. हात तसाच वर धरला.

"दम खा," ते म्हणाले. "मला घाई नाही."