खाडीपलीकडचे पंधरा दिवस

खाडीच्या अलीकडच्या रानात, करवंदीच्या दाट जाळीखाली बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदराची मादी, पाठभर काळ्यापांढऱ्या काट्यांची. तिला एकच पिल्लू होतं. त्याला खाऊ घालणं, त्याचे रुसवे काढणं, कोल्ह्याच्या वाटेपासून त्याला दूर ठेवणं, यात तिचं वर्ष कसं सरलं हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. ती थकली होती. आजारी नव्हती, दुःखीही नव्हती, नुसती थकली होती. मुलांनो, हा प्रकार तुम्हाला अजून ठाऊक नसेल. घरात कोणाला तरी विचारा.

तिच्या शेजारी एक ससा आणि एक खार राहत. तिघांची मैत्री जुनी. ससा उत्साही, खार बोलकी आणि साळू दोघांचं ऐकून घेणारी. एके दिवशी ससा उड्या मारतच आला आणि म्हणाला, "आपण तिघं परदेशी जाऊ या!"

परदेश म्हणजे खाडीपलीकडचं रान. तिथली झाडं वेगळी, पाखरांची बोली वेगळी, पाण्याची चवही म्हणे वेगळी. एरवी खाडी तुडुंब भरलेली असे. पण अमावास्येला आणि पौर्णिमेला उजाडताना पाणी इतकं ओसरे की वाळूचा एक पट्टा उघडा पडे आणि थोडा वेळ पायी पलीकडे जाता येई.

"अमावास्येला जायचं, पौर्णिमेला परत," ससा म्हणाला. "राहायला ढोली, गुहा, जे मिळेल ते. खायला घरची शिदोरी. अगदी स्वस्तात सगळा परदेश बघून होईल! फक्त एक गोष्ट आत्ताच ठरवू. तिकडे गेल्यावर कोणी कुरकुर करायची नाही. कुरकुरीने सहलीचा विचका होतो."

"मुळीच नाही करायची," खार म्हणाली.

"चालेल," साळू म्हणाली. चार दिवस घराबाहेर पडलं तर अंगातला शीण जाईल, असं तिला वाटलं. थकलेल्या जिवाला लांबचं सगळं विश्रांतीसारखंच दिसतं.

साळूच्या बहिणीने पिल्लाला सांभाळायचं कबूल केलं. "जा गं तू. पंधरा दिवसांत काही आभाळ कोसळत नाही," ती म्हणाली. पिल्लू मात्र आईला चिकटून बसलं होतं. आई नसताना ते कधी एक दिवसही राहिलं नव्हतं.

"पौर्णिमेला येशील ना?" त्याने विचारलं.

"पौर्णिमेला सकाळी येणार. तू मावशीबरोबर काठावर येऊन उभं राहा. पट्ट्यावरून येताना मी तुला दिसेनच."

"नक्की?"

"नक्की," साळू म्हणाली.

काठावर एक म्हातारा बगळा एका पायावर उभा असे. त्याचं पलीकडे नेहमी जाणंयेणं होतं. तिघं निघालेली पाहून तो म्हणाला, "ज्याची शिदोरी त्याच्या पाठीवर असू द्या. चार दिवस चाललात की एक दिवस नुसते लोळा. आणि पौर्णिमेच्या आदल्या दुपारीच काठ गाठून बसा. पट्टा बुडाला की थेट पुढची अमावास्या."

"हो, बगळेआजोबा," तिघं एका सुरात म्हणाली. वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकताना जशी मान हलवायची असते, तशी ती त्यांनी छान हलवली, आणि पहिल्याच वळणावर तो सल्ला विसरून गेली.

शिदोरी एकाच गाठोड्यात बांधली आणि ती खारीकडे दिली, कारण साठवणीतलं खारीला कळतं. पहिले दोन दिवस मजेत गेले. लाल फुलांची झाडं पाहिली, निळ्या पोपटांचा थवा पाहिला, एका झऱ्याचं पाणी खरोखरच गोड लागलं. तिसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तर त्यात मूठभर चिंचोके.

"कंद कुठे गेले?" सशाने विचारलं.

"पुरून ठेवले," खार म्हणाली. "जिथे मुक्काम, तिथे थोडं पुरायचं. परतताना लागेल ना! आमच्यात अशीच रीत आहे."

"पण कुठे पुरलेस?"

"एक दगड होता, त्याच्या शेजारी."

त्या रानात दगडांना काही तोटा नव्हता. पण कुरकुर करायची नाही असं ठरलं होतं. ससा गप्प बसला. साळू म्हणाली, "चालेल, मिळेल ते खाऊ." मग तिघांनी परक्या झाडांची परकी पानं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तिघांचीही पोटं बिघडली. त्याबद्दलही कोणी ब्र काढला नाही.

पुढे डोंगर लागला. पायथ्याशी एक गवा बसला होता. तो म्हणाला, "खिंडीपलीकडे पोचवतो तिघांना. तुमच्या रानातून चाटायला काही आणलं असेल तर तेवढं द्या." साळूने कुरतडायला एक खारट हाड बरोबर आणलं होतं. साळिंदरं हाडं कुरतडतात, त्याशिवाय त्यांचे दात ठीक राहत नाहीत. ते देऊन टाकावं आणि त्या रुंद पाठीवर डोळे मिटून पडावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण ससा घाईघाईने म्हणाला, "छे छे, पाय असताना पाठ कशाला हवी? एवढं स्वस्तात आलोय, आता कशाला उधळायचं?" आणि तिघं पायी निघाली. चढायला दोन दिवस लागले आणि सावरायला आणखी दोन. यात नेमकं काय वाचलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण चालण्यापेक्षाही वाईट होती झोप. साळिंदरं रात्री जागतात आणि दिवसा झोपतात. खारीचं सगळं दिवसा. सशाला पहाट आणि संध्याकाळ प्रिय. घरी असताना तिघांची बिळं वेगळी, त्यामुळे हे कधी कोणाला जाणवलं नव्हतं. इथे ससा पहाटेच सगळ्यांना उठवी. भर दुपारी, साळूचे डोळे मिटायला लागले की, खार शेपूट उडवत पुढे धावे. संध्याकाळी पुन्हा सशाला हुरूप येई. आणि रात्री दोघं ढोलीत घोरू लागली की साळूचे डोळे टक्क उघडे. जन्माची सवय, तिला झोप येणार कशी? आठव्या दिवसापर्यंत ती चालता चालता झोपू लागली होती. एकदा ती एका वारुळावर जाऊन आदळली आणि त्याचीच माफी मागून पुढे गेली.

मनात एकच गोष्ट धरून ती चालत होती. पौर्णिमेला सकाळी पिल्लू काठावर उभं असेल.

तेराव्या दिवशी तिघं खाडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर येऊन पोचली. एका वडाखाली बसली. कोणाच्याच अंगात त्राण नव्हतं. साळूने मनातल्या मनात हिशेब मांडला. आज विसावा, उद्या दुपारपर्यंत काठ, परवा उजाडताना घर. तिला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात ससा म्हणाला, "त्या कड्याच्या माथ्यावर एक तळं आहे म्हणतात. एवढं एकच राहिलं. उद्या ते करून संध्याकाळी थेट काठावर जाऊ."

ते शब्द कानावर पडताच साळूच्या शेपटीवरचे काटे आपोआप वाजू लागले. साळिंदरांमध्ये काटे वाजले की सगळी समजतात: पुरे, आता मला छेडू नका. हे कोणाला सांगावं लागत नाही. साळूला वाटलं, बरं झालं, कुरकुरही झाली नाही आणि यांना कळलंही.

पण ससा मोठ्याने म्हणाला, "बघ बघ, साळूताई कशी खुलली! कधी एकदा निघते असं झालंय तिला." आणि तो मागचा पाय जमिनीवर दणादण आपटू लागला.

साळूने तो पाय पाहिला आणि तिला वाटलं, याला किती घाई झाली आहे! आता नाही म्हटलं तर याचा हिरमोड होईल. खारीची शेपटी तर फडफड फडफड हलत होती आणि ती चिकचिक आवाज करत होती. हीसुद्धा आनंदाने वेडी झालेली दिसते, असं साळूला वाटलं. दोघांना जायचं आहे, मी एकटीनेच कशाला मोडता घालायचा?

"चालेल ना, साळूताई?" सशाने विचारलं.

"चालेल," साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघं कड्यावर चढली. माथ्यावर शेवाळाने हिरवं झालेलं एक डबकं होतं आणि त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. तिघांनी ते पाहिलं. "छान आहे," ससा म्हणाला. "फारच छान," खार म्हणाली. साळूने मान हलवली. मग तिघं खाली उतरायला लागली. उतारावर खारीचा पाय मुरगळला, म्हणून तिला आळीपाळीने पाठीवर घ्यावं लागलं. साळूच्या पाठीवर कोणाला बसता येत नाही, तेव्हा ती आळीपाळी सगळी सशाच्या वाट्याला आली. काठापासून हाकेच्या अंतरावर पोचली तेव्हा दिवस मावळला होता. "जरा अंग टाकू," ससा म्हणाला, आणि तिघं होती तिथेच आडवी झाली. ज्या साळूला पंधरा दिवस रात्री झोप लागली नव्हती, तिला त्या रात्री मेल्यासारखी झोप लागली.

जाग आली ती उन्हाचा चटका बसल्यावर. साळू धडपडत उठली आणि काठाकडे धावली. वाळूचा पट्टा मधोमध बुडाला होता. दोन्ही बाजूंनी पाणी हळूहळू, अगदी निवांतपणे आत येत होतं. आणि पलीकडच्या काठावर बहिणीशेजारी एक लहानसा काळा ठिपका उभा होता.

साळू पाण्यात शिरली. छातीपर्यंत गेली, मग पुढे ओढ लागली तशी मागे आली. तिने हाक मारली. खाडी रुंद होती, हाक पोचली नाही. ठिपका तिथेच उभा होता. सूर्य वर आला, पट्टा दिसेनासा झाला, तरी तो उभाच होता. मग मावशीने त्याला ढकलत ढकलत झाडीत नेलं. ते दिसेनासं झाल्यावरही साळू बराच वेळ तिकडेच पाहत राहिली.

मागून ससा खारीला घेऊन आला. तो खाली मान घालून म्हणाला, "मला ते तळं बघायचंच नव्हतं. मी आपलं काही बोलायचं म्हणून बोललो. तुझे काटे वाजले तेव्हा वाटलं, तुला फारच हौस आहे. आता माघार कशी घ्यायची?"

"काटे वाजणं म्हणजे पुरे," साळू म्हणाली. "पण तू तर पाय आपटत होतास!"

"आम्ही पाय आपटतो ते धोका असला की. पुढे जाऊ नका, असं सांगायला."

दोघांनी खारीकडे पाहिलं. खार रडवेली झाली होती. "माझ्या पोटात कावळे ओरडत होते," ती म्हणाली. "वैतागलो की आमची शेपटी अशी फडफडते. मी काय आनंदाने हलवत होते?"

आता यावर हसावं की रडावं? तीन जिवलग मित्र, तिघंही थकलेले, आणि एकमेकांच्या हौसेखातर तिघं कड्यावर जाऊन एक डबकं बघून आले. साळूला राग आला. सशाचा आला, खारीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. ती खाली बसली आणि म्हणाली, "मी थकले आहे. पहिल्या दिवसापासून थकले आहे. मला घरी जायचंय." पंधरा दिवसांत तिने पहिल्यांदाच हे सांगितलं होतं. सांगायला किती सोपं होतं! आणि आता पंधरा दिवस तरी ते कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

दुपारी बगळा उडत आला. तिघांना पाहून तो काहीच बोलला नाही. तसं म्हाताऱ्यांना शहाणपण शिकवायला आवडतं, पण हा खरोखरच चांगला होता. "पिल्लाला काही सांगू का?" एवढंच त्याने साळूला विचारलं.

"सांगा, आई पुढच्या अमावास्येला येईल. तिची चूक झाली म्हणावं. आणि मावशीचं ऐक म्हणावं."

बगळा पलीकडे गेला आणि ऊन उतरताना परत आला.

"सांगितलं," तो म्हणाला. "रडलं नाही. शहाणं आहे. त्याने फक्त एकच विचारलं."

"काय?"

"आईला तिकडे खूप मजा येते आहे का, म्हणून ती आली नाही?"

साळूने तोंड फिरवलं. ससा आणि खार तिच्या दोन बाजूंना येऊन बसली, काटे लागणार नाहीत एवढं अंतर ठेवून. मग साळू म्हणाली, "बगळेआजोबा, दमला असाल, पण अजून एकदा जाल का? त्याला सांगा, नाही म्हणावं. मुळीच मजा येत नाहीये."

तात्पर्य : मुलांनो, मित्रांबरोबर परक्या मुलखात जाल तेव्हा पाठीवर ओझं कमी घ्या आणि आपली शिदोरी आपल्याजवळ ठेवा. पण थकलात तर वेळेवर, तोंडाने, सरळ शब्दांत सांगा. न बोलता मित्रांना कळेल या भरवशावर राहिलं, की मित्रही थकतात आणि घरी वाट पाहणाराही.