भिंतीवरचा तवा

एकदा एका विद्यापीठाला नवे कुलगुरू लाभले. माणूस भला, अर्थशास्त्राचा मोठा विद्वान, आणि काहीतरी चांगलं करून दाखवायची हौस असलेला. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं, की इथं चांगलं शिकवणारी माणसं टिकत नाहीत. ती कंटाळून घरी बसतात, नाहीतर शहरातले शिकवणीवर्ग त्यांना उचलून नेतात. मग मागे उरतात ते पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वाचून दाखवणारे. ते मात्र कुठेही जात नाहीत. त्यांना नेणार कोण?

कुलगुरू या विचारात असतानाच पदार्थविज्ञानाच्या यशोधरा ओव्हाळ त्यांच्या दालनात आल्या. पहिल्या वर्षाला शिकवायच्या. त्यांच्या तासाला दुसऱ्या शाखांची मुलंसुद्धा खिडकीत उभी राहतात, अशी त्यांची ख्याती. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "सर, महिनाअखेरीला मी हे सोडून चालले. आधी सांगितलेलं बरं."

कुलगुरू दचकले. "का हो? पगाराचं काही आहे का?"

"पगार शिकवणीवर्गात जास्त मिळेल, पण मी त्यासाठी जात नाही. इतकी वर्षं शिकवते आहे. या सगळ्या काळात माझ्या वर्गात मुलांखेरीज दुसरा माणूस एकदाच आला. तो पंखे मोजायला आला होता."

कुलगुरूंना हसू आलं, पण समोरचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. "अहो, पण सगळे तुमची किती स्तुती करतात!"

"कोण सगळे? ऐकलंय कोणी मला? बढतीच्या वेळी विचारतात, शोधनिबंध किती छापले. बरं शिकवता की वाईट, हे विचारायला कोणाला सवड नाही. मी उद्यापासून वर्गात जाऊन झोपा काढल्या, तरी इथं कोणाला काही कळायचं नाही."

"मला थोडे दिवस द्या," कुलगुरू म्हणाले. "असा मान करतो तुमचा, की जायचं नाव काढणार नाही."

आणि ते कामाला लागले. मन लावून लागले, हे त्यांचं कबूल करायला हवं. विद्यापीठात 'अध्यापन उत्कर्ष केंद्र' काढायचं ठरलं आणि त्याच्या संचालक म्हणून यशोधराबाई. गार हवेचं यंत्र लावलेलं दालन, पायाखाली गालिचा, दाराबाहेर शिपाई, दिमतीला मोटार. मोठ्या सभागृहात सत्कार, शाल, श्रीफळ, चांदीचं मानचिन्ह. विद्यापीठाच्या परिषदेत हा बेत मांडला, तेव्हा सभासदांनी टाळ्या वाजवल्या. परिषदेत टाळ्या एरवी फक्त चहा आला की वाजायच्या.

ही बातमी कुलगुरूंनी स्वतः यशोधराबाईंना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि माझा वर्ग?"

"वर्गाचं काय घेऊन बसलात! तो कोणीही घेईल. तुम्ही आता वर्गाच्या वर गेलात."

बाई जायला वळल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी सांगते."

आनंदानं तोंडातून शब्द फुटेना, अशी कुलगुरूंनी आपली समजूत करून घेतली.

सत्काराला पाहुणे कोण बोलवायचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घाटाखालच्या एका लहानशा कॉलेजात ते शिकले, तिथल्या त्यांच्या बाई अजून होत्या. सगळा गाव त्यांना थोरल्या बाई म्हणायचा. नोकरी धरताना, सोडताना, लग्न ठरवताना, कुलगुरूपद स्वीकारताना त्यांनी दर वेळी या बाईंना विचारलं होतं. आता त्यांनी फोन करून केंद्र, दालन, गालिचा, मोटार, सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं.

पलीकडून फक्त 'हं, हं' येत होतं. मग बाई म्हणाल्या, "समारंभाचं मागाहून बघू. रविवारी जेवायला ये. आंबोळ्या करते."

कुलगुरूंच्या तोंडाला पाणी सुटलं. बाईंच्या आंबोळ्या! कॉलेजात असताना वसतिगृहातली पोरं त्यांच्या ओट्याशी दाटीवाटीनं बसायची आणि आंबोळी तव्यावरून थेट पानात पडायची. मऊ, जाळीदार, कडेला जराशी कुरकुरीत. रविवारी सकाळचा नाश्तासुद्धा न करता कुलगुरू घाट उतरले.

"ये रे विश्राम, बस," बाई म्हणाल्या. "पोट सुटलंय तुझं."

"खुर्चीनं सुटलं, बाई."

"मग खुर्चीला चालायला ने."

पान मांडलं होतं. वाटाण्याची उसळ होती, ओल्या खोबऱ्याची चटणी होती. बाईंनी गॅसवर एक नवा चकचकीत तवा ठेवला आणि पीठ ओतलं. चर्र आवाज झाला, पण आंबोळी सुटेना. बाईंनी उलथनं घातलं, खरवडलं, ओढलं, आणि पानात जे पडलं ते एका बाजूनं करपलेलं आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं असं काहीतरी होतं. दुसरी तशीच झाली. तिसरीचे तर तुकडे तुकडे झाले.

कुलगुरू मुकाट खात होते. शिष्य ना, बोलणार कसे? वय झालं बाईंचं, असं मनाशी म्हणत त्यांनी उसळीची वाटी जवळ ओढली. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि हातातला घास हातातच राहिला.

भिंतीवर खिळ्याला बाईंचा जुना बिडाचा तवा टांगला होता. काळाभोर, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेला, वर्षानुवर्षांच्या आंबोळ्यांचा तो तवा. त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं, झेंडूचा हार घातलेला होता आणि वरून चक्क एक शाल पांघरलेली होती.

"बाई, हे काय?"

"तुला नाही कळलं? सत्कार केलाय त्याचा."

"तव्याचा?"

"मग! एवढा गुणी तवा. किती पोरांची पोटं भरली त्यानं. त्याला असं रोज चुलीवर भाजत ठेवणं शोभतं का? आता तो चुलीच्या वर गेला. घे, अजून एक घे."

"बाई, आता नको," कुलगुरू घाईघाईनं म्हणाले. "आणि रागावू नका, पण तवा तो तवाच. आंबोळी त्याच्यावर व्हायची. भिंतीवर टांगून तुम्ही त्याचाही उपयोग घालवलात आणि माझंही जेवण..."

एवढं बोलले आणि थांबले. घास पानात ठेवला. कानाच्या पाळ्या तापल्या त्यांच्या. आंबोळीचा करपट वास घरभर पसरला होता, आणि बाई उलथनं हातात धरून शांतपणे त्यांच्याकडे बघत होत्या.

"कळलं?" बाईंनी विचारलं.

"कळलं," कुलगुरू पुटपुटले. "पण बाई, मी तिचा मान करायला निघालो होतो हो. वाईट हेतू नव्हता."

"तुझ्या हेतूला काय चाटायचंय? तिची मुलं सोमवारी कोणासमोर बसतील, ते सांग. चांगलं शिकवणारी बाई मिळाली, की तिला आधी शिकवण्यातून उठवायचं आणि साहेब करायचं, ही तुम्हा लोकांची जुनी खोड. याला बढती म्हणता. आणि मग डोकं धरून बसता, की वर्ग ओस का पडले!"

बाईंनी भिंतीवरचा तवा उतरवला. हार बाजूला काढला, शाल घडी करून ठेवली, आणि नारळाच्या शेंडीनं तव्यावर तेलाचा हात फिरवत म्हणाल्या, "बिडाच्या तव्याला काय लागतं, ठाऊक आहे? रोजचं काम लागतं. नुसता ठेवला तर गंजतो. काम झालं की तेलाचा हात लागतो. भलत्या माणसानं भलत्या गोष्टीनं घासायला नको. आणि रिकामा तापवत ठेवायचा नाही, तडकतो. शिकवणाऱ्याचं याहून वेगळं काय असतं? त्याला धड वर्ग द्या, धड वेळ द्या, झेपतील तेवढीच पोरं द्या, आणि नको त्या कामांनी घासू नका."

"आणि कौतुक, बाई? ते करायचंच नाही?"

"करायचं नाही कसं? भरपूर करायचं. पण पानावर बसून. न जेवता 'स्वयंपाक छान' म्हणणाऱ्याचं रांधणारीला काय कौतुक वाटणार? जेवणारा 'अजून एक वाढा' म्हणतो ना, त्यानं अंगावर मूठभर मांस चढतं. तू तिच्या वर्गात कधी बसलायस?"

"नाही," कुलगुरू म्हणाले.

"सरक जरा पुढे," बाई म्हणाल्या, आणि तापल्या तव्यावर त्यांनी पीठ ओतलं. त्या दुपारी कुलगुरूंनी किती आंबोळ्या खाल्ल्या ते विचारू नका. मोटारीत बसताना त्यांना पट्टा सैल करावा लागला.

सोमवारी सकाळी ते दालनात गेलेच नाहीत. थेट विज्ञानशाखेच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. यशोधराबाई एका हातात बर्फाची पिशवी आणि दुसऱ्या हातात काचेचं भांडं घेऊन लगबगीनं येत होत्या.

"मॅडम, एक मिनिट. ते संचालकपद मी मागे घेतलं. चुकलं माझं. तुम्हाला शिकवायला काय लागतं, ते सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. माणूस थट्टा करत नाही याची खात्री झाली, तेव्हा त्यांनी मनात साठलेलं भडाभडा बाहेर काढलं.

"एका वर्गात दोन वर्गांची मुलं कोंबलीत, ती वेगळी करा. शेजारच्या खोलीत बँडचा सराव चालतो, तो हलवा. मी न्यूटन सांगायला लागले की नेमका ढोल वाजतो. परीक्षेची, निवडणुकीची, पाहुण्यांना हार घालायची कामं माझ्या गळ्यात मारू नका. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना माझ्या वर्गात बसू द्या आणि मला त्यांच्या. आणि बढतीच्या वेळी शिकवण्याला शोधनिबंधाइतकंच वजन द्या."

"वर्ग आणि बँड आजच बघतो. कामांचं आणि शिक्षकांचंही माझ्या हातात आहे. बढतीसाठी मात्र परिषदेशी भांडावं लागेल. आज बैठक आहे, भांडतो." कुलगुरू जरा घुटमळले. "मग सत्कार रद्द करू ना?"

"रद्द कशाला?" बाई फणकारल्या. "मी काय संन्यास घेतलाय? शाल हवी मला, चांगली जाड. आणि माझ्या सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवायचं. 'दिवसभर उभी राहून करतेस तरी काय' म्हणतात, त्यांना कळू दे."

"बसवतो. म्हणजे तुम्ही राहताय?"

"ते अजून ठरलं नाही. आधी वर्गात येऊन बसा. न ऐकता केलेलं कौतुक मला नको."

असं म्हणून त्या वर्गात शिरल्या. कुलगुरूंना वाटेत कोणीतरी सहीसाठी अडवलं, त्यामुळे ते पोचले तेव्हा तास सुरू झाला होता. ते हळूच मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या मुलीनं त्यांना बघून दप्तर उचललं आणि जागा करून दिली.

टेबलावरचं भांडं पाण्यानं काठोकाठ भरलं होतं आणि वर बर्फाचे खडे तरंगत होते. "बर्फ वितळला की पाणी सांडेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," बाई म्हणाल्या. निम्म्या वर्गानं हात वर केला. कुलगुरूंनीही केला, अगदी ठामपणे.

"ठीक. आता शेजाऱ्याशी भांडा. पाहुण्यांनीसुद्धा."

वर्गात एकदम कालवा झाला. शेजारची मुलगी कुलगुरूंकडे वळली. "सर, सांडणार नाही."

"सांडणार. बर्फ वर आलाय तो दिसतोय ना? तेवढं पाणी वाढणार."

"कशावरून?"

कुलगुरू झाल्यापासून त्यांना 'कशावरून' असं कोणी विचारलंच नव्हतं. "तूच सांग," ते म्हणाले.

"बर्फाचा जो भाग बुडालाय, त्यानं पाणी आधीच बाजूला सारलंय ना? पूर्ण बर्फाचं जेवढं पाणी होईल, नेमकं तेवढंच. म्हणजे त्याची जागा आधीच करून ठेवलेली आहे."

कुलगुरू विचारात पडले. त्यांना पटायला लागलं आणि पटतंय याचा थोडा रागही आला. मध्येच त्यांनी मान वर करून बघितलं. यशोधराबाई फळ्यापाशी नव्हत्याच. त्या चुकलेल्या मुलांच्या बाकांपाशी वाकून ऐकत होत्या. "असं तुला का वाटलं, ते सांग. तुझी चूक कामाची आहे," असं एका मुलाला म्हणत होत्या. उत्तर मात्र कोणालाच सांगत नव्हत्या.

दारात शिपाई आला. "सर, परिषद खोळंबलीय."

"सांग त्यांना, बर्फ वितळतोय," कुलगुरू भांड्यावरची नजर न हलवता म्हणाले.

शेवटचा खडा वितळला. सगळा वर्ग बाकांवर उभा राहिला होता. एक थेंबही सांडला नाही. जिंकलेल्यांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली, आणि हरलेल्यांनी त्यांच्याहून मोठा आवाज केला, कारण आपण कुठे चुकलो ते त्यांना आता कळलं होतं.

"मॅडम, पाणी खारट असलं तर?" पुढून कोणीतरी विचारलं.

"ते पुढच्या महिन्यात करू," यशोधराबाई हात पुसत म्हणाल्या. "तोवर डोकी खाजवा."

पुढच्या महिन्यात. म्हणजे महिनाअखेरीनंतरही! कुलगुरूंनी ते ऐकलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मॅडम, तेव्हा मीही आलो तर चालेल?"

"या की. पण वेळेवर या. आज उशिरा आलात."

वर्ग खो खो हसला. कुलगुरू उभे राहिले, म्हणाले, "हो, मॅडम," आणि परिषदेशी भांडायला निघाले.