देवाच्या आंब्याच्या कैऱ्या

"पण मी जाऊन तिला सांगू तरी काय, स्वामी?"

विश्वंभरनं असं विचारलं, तेव्हा सेतुरामस्वामी मठाच्या ओसरीवर पाय सोडून बसले होते. नजर अंगणातल्या आंब्यावर होती. त्यांनी मान वळवली नाही.

कावेरीच्या काठी, तंजावरपासून दोन कोसांवर, हा छोटासा मराठी मठ होता. विश्वंभर तिथे वाईहून आलेला. त्याला सात वर्षं झाली होती. पाठांतर दांडगं, वाणी खणखणीत, आणि अंगी नम्रता एवढी, की ती लांबूनच लोकांच्या नजरेत भरायची. त्यालाही ते ठाऊक होतं.

मठामागच्या गल्लीत कामाक्षीअम्मा राहायची. म्हातारी, एकटी. विश्वंभर पहिल्यांदा मठात येऊन पडला, तो तापानं फणफणलेला. तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन हिनंच त्याला चमच्याचमच्यानं पेज पाजली होती. पुढे रोज दुपारी कुंपणावरून ताकाचा लोटा यायचा. ती तमिळ, हा मराठी. दोघांची मिळून एक मोडकीतोडकी भाषा तयार झाली होती. ती त्याला 'तंबी' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

आता अम्माच अंथरुणाला खिळली होती. तोंडाची चव गेलेली. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. तिनं तीनदा निरोप पाठवला, 'तंबीला पाठवा. चार शब्द देवाचे बोलायला सांगा.'

तंबी काही उठला नाही.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो म्हणाला. "मला कसला आलाय अनुभव? मरणाच्या दारातल्या माणसाला नुसते पाठ केलेले शब्द ऐकवायचे... ते पाप आहे, स्वामी. अनुभव येऊ दे. मग मी आपणहून जाईन."

"कधी येईल?"

"ते तुम्हीच सांगायचं."

स्वामी समोरच पाहत होते. आंब्यावर एक खार सरसर वर गेली.

"वैद्य काय म्हणाले?"

"पोटात काही गेलं तर आशा आहे म्हणाले. नाहीतर... दोन दिवस. फार तर चार."

"हं..."

स्वामी उठले. भिंतीशी टेकवलेली, फळं काढायची आकडी त्यांनी हातात घेतली आणि थेट आंब्याखाली जाऊन उभे राहिले.

विश्वंभरच्या तोंडचं पाणी पळालं.

तो आंबा देवाचा होता. झाडावर पिकलेलं पहिलं फळ रामापुढे जाईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी मठाची तीन पिढ्यांची रीत. आणि राखणदार कोण, तर आपला विश्वंभर. पोपट हाकलावेत त्यानं, खारी हाकलाव्यात त्यानं. मागल्या वर्षी तर खाली पडलेली एक कैरी अम्मानं उचलली होती, ती यानं तिला परत जागेवर ठेवायला लावली. अम्मा बिचारी हसली आणि ठेवून गेली.

"स्वामी! अजून पहिलं फळ..."

आकडीचा झटका बसला. एक कैरी धपकन पडली. मग दुसरी. मग तिसरी.

"स्वामी, देवाचं आहे ते!"

"देव थांबेल," स्वामी म्हणाले. "अम्मा थांबेल?"

विश्वंभरनं खाली पडलेल्या कैऱ्या उचलल्या.

"पाटा धू."

त्यानं पाटा धुतला. स्वामींनी कैऱ्यांची सालं काढली. कैऱ्या इतक्या कोवळ्या, की कोयीतूनही विळी आरपार गेली. ओलं खोबरं आलं, दोन हिरव्या मिरच्या आल्या, मीठ आलं. वरवंटा विश्वंभरच्या हाती आला. पंचाक्षरीपासून पंचीकरणापर्यंत सगळं समजावून सांगणारा हा माणूस, पण पाट्यावरची कैरी त्याला आवरेना. इकडून वाटावी तर तिकडून निसटावी. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

"दाबू नकोस," स्वामी म्हणाले. "ओढ."

हळूहळू जमलं. स्वामींनी तिळाच्या तेलात मोहरी तडतडवली, हिंग टाकला, कढीलिंबाची पानं टाकली आणि फोडणी चटणीवर ओतली. चर्र आवाज झाला. असा वास सुटला, की सात वर्षं जिभेवर ताबा मिळवत आलेल्या विश्वंभरच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला भारी लाज वाटली. स्वामींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्यांनी चटणी वाटीत काढली आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"जा."

"पण तिथे बोलायचं काय?"

"चटणी घेऊन जा."

*

शेजारणीनं दार उघडलं, पेजेचं भांडं त्याच्याजवळ ठेवलं आणि ती बाजूला झाली.

अम्मा चटईवर पडली होती. केवढीशी झाली होती ती! तीन निरोप आले आणि आपण ओसरीवर बसून अनुभवाची वाट पाहत होतो, हे त्याला तिथे उभं राहून आठवलं. वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

तो खाली बसला. तिचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. चमच्यात पेज घेतली, वर चटणीचं बोट लावलं आणि तिच्या ओठांशी धरलं.

आंबटानं अम्माचा सगळा चेहरा गोळा झाला. डोळे घट्ट मिटले. विश्वंभर घाबरला...

मग अम्मानं तोंड उघडलं. आणखी हवी होती.

दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. पाचव्याला तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"तंबी... देवाचा आंबा?"

"हो, अम्मा."

"आता बोल काहीतरी."

विश्वंभरनं तोंड उघडलं. एवढे श्लोक, एवढी स्तोत्रं, एकही पुढे येईना.

"अम्मा," तो म्हणाला, "त्या वर्षी तू मला पेज पाजली नसतीस तर मी मेलो असतो. सात वर्षं तुझं ताक प्यालो. आणि एकदाही तुला म्हणालो नाही, की तू होतीस म्हणून मी आहे."

एवढंच बोलला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. अम्माला त्याची मराठी किती समजली कोण जाणे. तिचा सुरकुतलेला हात त्याच्या मनगटावर आला आणि थोपटत राहिला.

*

दिवेलागणीला तो परत आला. स्वामी ओसरीवरच होते. विश्वंभरनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"एक श्लोक आठवला नाही, स्वामी," तो म्हणाला. "नुसता रडलो. तिला धीर द्यायला गेलो, आणि तीच मला थोपटत बसली. तुम्ही पाठवलं नसतं तर... तुमचे उपकार मी कसे..."

स्वामींनी पाय हळूच मागे घेतले.

"तिनं खाल्लं का?"

"खाल्लं! सगळं खाल्लं. वाटी बोटानं पुसून घेतली." विश्वंभर रडता रडता हसला. "वर म्हणते कशी, मीठ कमी पडलंय."

स्वामींनी आंब्याकडे पाहिलं.

"मग उद्या चिमूटभर जास्त घाल."