खांबाखालचं डबकं

"म्हणजे धूर सोडायचाच नाही?" भिकनशा फकिरानं विचारलं. "घरोघरी पोरं तापानं फणफणलीत, साहेब."

"शुक्रवारपर्यंत फक्त, बाबा." आरोग्य निरीक्षक उमाकांत भोईटे तकियाच्या, फकिराच्या त्या मठीच्या, ओट्यावर रुमाल अंथरून बसले. "हवा तपासायला वरचे लोक येताहेत. स्वच्छ हवेत आपल्या गावाचा पहिला नंबर येतोय. डासांचा धूर सोडला की आकडा चढतो."

खाणीवरच्या वस्तीच्या तोंडाशी, तकियाला लागूनच, नगरपालिकेनं एक खांब रोवला होता. त्यावर हवा मोजायचं यंत्र. धूळ उडू नये म्हणून रोज सकाळी टँकर येऊन खांबाभोवती पाणी मारायचा. वस्तीचा नळ मनाला येईल तेव्हा यायचा. यंत्राला मात्र आंघोळ चुकत नव्हती.

हवेचं काम भोईट्यांकडे होतं आणि डासांचंही. दोन्ही गाडे एकट्यानं ओढले म्हणून भर सभेत त्यांचं कौतुक झालं होतं. ती शाल अजून घडी न मोडता कपाटात होती.

"बायका मोर्चा आणू म्हणतात," भोईटे म्हणाले. "तुम्ही समजवा. तुमचा शब्द इथं कुणी खाली पडू देत नाही."

भिकनशा उठले. खांबाखालच्या डबक्यातून वाटीभर पाणी आणून त्यांनी भोईट्यांपुढे ठेवलं.

"ऊन आहे. घ्या."

वाटीत अळ्या वळवळत होत्या.

भोईट्यांनी पाय मागे घेतला. "चेष्टा करता होय?"

"चेष्टा कसली? पालिकेचंच पाणी आहे."

भोईटे हसले. ओठांपुरतंच.

"बाबा, मी काही आजचा येत नाही तुमच्याकडे. तुम्हीच शिकवलंत, एका वेळी एकच काम धर, त्यात जीव ओत. मी तेच करतोय."

"शिकवलं खरं..." भिकनशा म्हणाले.

तेवढ्यात दगड फोडणारा सटवा आला. त्याच्या काखेत भिकनशांची मच्छरदाणी होती. तापानं पडलेल्या त्याच्या पोरीसाठी फकिरानं ती आपल्या बाजेवरून काढून दिली होती. सटवानं ती ओट्यावर ठेवली.

"धुतलीय बायकोनं."

"बघा!" भोईटे मोठ्यानं म्हणाले. "उतरला ना पोरीचा ताप? मी म्हणतच होतो. उगाच बाऊ करतात लोक."

सटवानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"उतरला, साहेब. अंग गार पडलं. परवा पुरली तिला."

तो आला तसा निघून गेला. त्याच्या हातांच्या भेगांत दगडाची भुकटी होती, एवढंच भोईट्यांना दिसलं. तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

भोईट्यांनी खांबावरच्या यंत्राकडे पाहिलं.

"बाबा," भोईटे शेवटी म्हणाले, "शनिवारी पहिला धूर या वस्तीत. शब्द देतो. अगदी उजाडता गाडी पाठवतो."

"शनिवारी."

"शुक्रवारचं एकदा पार पडू द्या हो."

भिकनशांनी मच्छरदाणी उचलली. डबक्यात पाय देऊन ते खांबापाशी गेले. टाचा उंचावून त्यांनी ती यंत्रावरून सोडली, चारी बाजूंनी नीट ओढून घेतली आणि खालची कड खांबाभोवती खोचू लागले. आई खोचते तशी. कुठे फट राहू नये म्हणून हात फिरवून पाहिला.

भोईटे ताडकन उठले. रुमाल ओट्यावरच राहिला.

"बाबा! अहो, काय करताय! वारा अडतोय त्याचा! काढा ते आधी, आकडा चुकेल!"

भिकनशांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, साहेब... लेकरू झोपलंय."