धुळा हाकाऱ्याची न दिलेली हाक

कारवंडीची ही गोष्ट माझ्याइतकी खरी दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. खरी म्हणजे, मागच्या खेपेला सांगितली तेव्हा सांबरं दोनशे होती. आज पन्नासात भागवतो, कारण मास्तरीणबाई ऐकायला बसल्यात.

तर खूप मागची गोष्ट. इतकी मागची, की आपल्या टकल्या सरपंचाचा खापरपणजाही तेव्हा रांगत होता, आणि त्याच्या डोक्यावर जावळ होतं. कारवंडीत धुळा कोकरे नावाचा हाकाऱ्या राहायचा. शिमग्याला गावाची शिकार निघे. रानाच्या एका अंगाला इनामदार बंदुका घेऊन मचाणावर बसत, दुसऱ्या अंगाला अख्खं गाव ढोल, डबे, थाळ्या घेऊन रांगेनं उभं राही. धुळानं हाक दिली की हाका सुरू व्हायचा, म्हणजे गाव रान बडवत पुढं सरके, आणि भ्यालेली सांबरं पळत पळत बंदुकीच्या तोंडी जात. पहिली हाक धुळाची. त्याआधी कोणी थाळीला बोटसुद्धा लावायचं नाही, ही चाल त्याच्या आज्यापासूनची. मारलेल्या सांबराच्या मानेचा वाटाही त्याचाच.

आवाज तरी कसा? धुळानं इकडं हाक दिली की पल्याडच्या डोंगरावरचे कच्चे आंबे गळायचे, असं म्हणतात. त्याची बायको ठमी म्हणायची, "आंब्याचं ठाऊक नाही, घरातलं दूध मात्र नासतं."

पूर्वी सांबरं सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, दिवसाढवळ्या चरायची. पण एका दिवसाची शिकार हळूहळू शिमग्यापासून मिरगापर्यंत लांबली. इनामदारांचे पाहुणे वाढले, मग पाहुण्यांचे पाहुणे वाढले. सांबरं आधी उन्हाची दिसेनाशी झाली, मग अंधारातही सड्यावर येईनात. मोठ्या शिंगांचे नर इनामदारांच्या भिंतींवर जाऊन बसले. उरल्या माद्या, पाडसं आणि मिसरूड फुटावं तशी शिंगं फुटलेले चार नर. त्यांची म्होरकी होती फाटक्या कानाची एक म्हातारी मादी.

त्या म्हातारीनं एक गोष्ट हेरली. गावाच्या देवराईत ढोल वाजत नाही. हाका कितीही जोरात असो, देवराईच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यापाशी थांबतो. तुम्हाला-आम्हाला देव कळायला जन्म जातो, तिला तीन शिमगे पुरले. एक दिवस ती सगळा कळप घेऊन धोंड्याच्या आत शिरली आणि बाहेर यायचं नाव घेईना.

आता देवराई ती केवढी, आणि पोटं पन्नास. पहिल्या वर्षी रोपटी संपली, दुसऱ्या वर्षी झाडांच्या साली. तिथल्या झऱ्याचं पाणी गाव प्यायचं. त्याभोवती खुरांचा रेंदा झाला. बायका हंडा भरून आणत तो निम्मा गाळाचा. भगत म्हणाला, देवी कोपली. भगताला दुसरं येतच काय होतं? शेवटी गाव बसलं आणि ठरलं, की देवीची माफी मागून एकदाच देवराईत ढोल न्यायचे, आणि कळप बाहेर काढून संपवून टाकायचा. इनामदारांनी देवीला खण पाठवला आणि स्वतःला काडतुसं मागवली.

आदल्या दिवशी दुपारी धुळा देवराईत गेला, हाका कुठून उठवायचा ते बघायला. कळप झाडांत उभा होता. बरगड्या मोजाव्यात अशा माद्या. माणूस बघूनही त्या पळाल्या नाहीत. पळायला जागाच नव्हती. नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात धुळाच्या घशात तंबाखू अडकली आणि तो खाकरला.

त्यासरशी अख्खा कळप थरथरला. एक पाडस गुडघ्यांवर कोसळलं. म्हातारी मादी त्याच्या आड उभी राहिली आणि तिनं तो फाटका कान धुळाकडं वळवला.

धुळा बराच वेळ तिथंच थांबला. त्याला आजवर वाटायचं, सांबरं बंदुकीला भितात. पण ज्याला गोळी लागली ते कुणाला सांगायला परत येतं? जी वाचली होती त्यांनी जन्मभर ऐकला होता तो धुळाचा आवाज. देवराईला कुंपण नव्हतं. कुंपण धुळाच्या घशात होतं.

घरी आल्यावर तो ठमीला म्हणाला, "ती झरा नासवायला आलेली नाहीत गं. आपणच त्यांना कोंडलंय."

"मग सांगा की गावाला."

"कोण ऐकेल माझं?"

"आजवर ओरडलात तेव्हा सगळ्यांनी ऐकलं की."

"आता ओरडलो तर फक्त सांबरं ऐकतील," धुळा म्हणाला, आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी इनामदार ओढ्याच्या अंगाला मचाणावर चढले. गाव सड्याच्या अंगाला रांगेनं उभं राहिलं. धुळा शेंदरी धोंड्याजवळ गेला, कानाशी हात नेला, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

गाव वाट बघू लागलं. ऊन चढलं. ढोलांवरचे हात आखडले. कुणी पुटपुटलं, "ए धुळाबा, देतोस ना?" पण पहिल्या हाकेआधी वाजवायचं नाही, चाल म्हणजे चाल. तिकडं इनामदारांना मचाणावर मुंगळे चढले. कुठंवर चढले ते मास्तरीणबाईंसमोर सांगत नाही.

दुपार कलली. त्या शांततेत म्हातारी मादी धोंड्यापाशी आली. तिनं एक पाय बाहेर टाकला. थांबली. मग दुसरा टाकला. तिच्या मागून कळप निघाला आणि माणसांच्या रांगेतून, दोन माणसांच्या मधून एक याप्रमाणे, सड्याकडं चालू लागला. एका मादीनं जाता जाता गोंदा सुताराच्या थाळीत नाक घालून बघितलं. गोंदानं ती थाळी पुढं कधी घासली नाही, असं म्हणतात. त्याची बायको म्हणे, आधीही कुठं घासायचा? खुरांचा आवाज झाला नाही. कुत्री पायांवर डोकं ठेवून पडून राहिली. आणि जिथून कळप गेला तिथलं जळकं गवत आठ दिवसांत हिरवं झालं, असं म्हणतात.

इनामदारांनी धुळाला बोलावून घेतलं. "हाक का दिली नाहीस?" धुळानं तोंड उघडलं, तर मीठ मागण्याएवढाच आवाज निघाला. पुढं जन्मभर तेवढाच राहिला. इनामदारांनी शेजारच्या खोऱ्यातले तीन हाकारे आणले. ते घसा फुटेस्तोवर ओरडले, पण गाव हललं नाही. पहिली हाक धुळाची, चाल म्हणजे चाल. दोन वर्षांत झरा निवळला. चौथ्या वर्षी सांबरं दिवसा सड्यावर दिसली, पाडसांसकट.

आजही शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी कारवंडी त्याच रांगेत उभी राहते. ढोल पालथे घातलेले असतात. गुरांच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबलेलं असतं. कोकऱ्यांच्या घरातला थोरला पुढं येऊन कानाशी हात नेतो, तोंड उघडतो आणि हाक देत नाही. तिथून मिरगापर्यंत सड्यावर कुत्रं न्यायचं नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, आवाज चढवायचा नाही. थोरल्यानं तोंड उघडण्याआधी मात्र दोन बोल बोलायचे असतात, कळप सुटला त्या संध्याकाळी धुळा आणि ठमी उंबऱ्यात बसून बोलले तेच. त्यानंतर गावानं गप्प व्हायचं असतं, म्हणून दुसऱ्या बोलाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. पुरुष म्हणतात, "अख्खा कळप मी वाचवला, ठमे." आणि बायका म्हणतात, "वाचवला कसला, कारभारी. तुम्ही एकदाचे गप्प बसलात. चालायचं काम त्यांनीच केलं."